गोणीबरोबरची बाटली

गेल्या खरिपात, जुलैमध्ये, आमच्या नानांबरोबर मी शिरपुरातल्या एका कृषी सेवा केंद्रात उभा होतो. कपाशी गुडघ्याला लागली होती, दोन दिवस चांगला पाऊस होऊन वाफसा आला होता, युरिया द्यायची हीच वेळ. नानांना चार गोण्या हव्या होत्या. ४५ किलोच्या गोणीचा सरकारी भाव २६६ रुपये ५० पैसे, म्हणजे चारचे १,०६६ रुपये. नानांनी पॉस मशीनवर अंगठा ठेवला. पहिल्यांदा उमटला नाही, धोतराला पुसून परत ठेवला. बिल हातात आलं तेव्हा त्यात दोन ओळी जास्तीच्या होत्या: विद्राव्य खताचं एक पुडकं आणि टॉनिकची एक बाटली.

"हे मी मागितलं नाही, भाऊ," नाना म्हणाले.

दुकानदार वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. तो वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हता. "नाना, मी तरी कुठे मागितलं होतं? वरून गाडीच तशी येते. एवढा युरिया उचलायचा तर एवढं हेही उचला, म्हणतात. मागचं गोदाम भरलंय बाटल्यांनी. मी कुणाच्या गळ्यात घालू, सांगा."

नानांनी पैसे दिले. हंगाम थांबत नाही.

परतताना करवंद नाक्यावर चहाला थांबलो. नानांच्या मुलाने त्यांना दिवाळीत नवा फोन घेऊन दिला होता. बॅटरी उतरत आली म्हणून नाना तो बंद करायला गेले. वीस वर्षं प्रत्येक फोन जसा बंद केला तसा, बाजूचं बटण दाबून धरून. फोन बंद झाला नाही. खालून एक रंगीत पट्टी वर आली आणि मी काय मदत करू, असं विचारू लागली. नानांनी फोन माझ्यापुढे धरून अहिराणीत विचारलं, "हाई काय शे रे भो?"

बंद करायचं बटण आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या, मदतनिसाला बोलावतं, आणि खरोखर बंद करायचं असेल तर दोन बटणं एकदम दाबावी लागतात, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. पिशवीत ती बाटली होती. "म्हणजे हेपण लिंकिंगच," ते म्हणाले.

खताच्या धंद्यात हव्या मालाबरोबर नको तो माल गळ्यात मारण्याला लिंकिंग म्हणतात. नाना एआयचे जाणकार नाहीत, पण त्यांनी शब्द नेमका काढला. व्हॉट्सॲपमधलं निळं-जांभळं वर्तुळ, गुगलच्या शोधात सगळ्यात वर येणारा तयार उत्तराचा परिच्छेद, लॅपटॉपच्या कळफलकावर नव्याने आलेली कळ, ईमेल उघडताच सारांश देऊ का म्हणून पुढे येणारी चौकट: यातलं काहीही आपण मागितलेलं नाही. तरी ते आलं आणि बहुतेक ठिकाणी ते पूर्ण काढून टाकायची सोय नाही. हे का होतं ते समजून घ्यायला खताच्या दुकानाइतकी चांगली शाळा मला दुसरी सापडलेली नाही. म्हणून आधी दुकानातलं गणित नीट पाहू.

युरियाची किंमत सरकारने बांधून दिलेली आहे. शेतकऱ्याला तो स्वस्तात मिळतो, फरक सरकार अनुदानातून कारखान्याला देतं. त्यामुळे युरिया विकून कोणाचा फायदा एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. दुकानदाराला तर गोणीमागे हमाली सुटली तरी पुष्कळ. पण युरियाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पाऊस पडला की ते रांगेत येऊन उभं राहतं. टॉनिक, विद्राव्य खतं, सूक्ष्म अन्नद्रव्यं यांचं उलट आहे. त्यांच्यावर नफा भरपूर, पण गिऱ्हाईक आपणहून येईलच असं नाही. मग ज्याला गिऱ्हाईक आहे त्याच्या पाठीवर ज्याला गिऱ्हाईक नाही ते लादायचं, ही युक्ती. कंपनीच्या अधिकाऱ्याला त्या तिमाहीचं उद्दिष्ट पूर्ण करायचं असतं, तो घाऊक विक्रेत्याला अडवतो, घाऊकवाला दुकानदाराला आणि दुकानदार नानांना. साखळीत नानांच्या पिकाला काय हवंय हा प्रश्न कुठेच येत नाही. कंपनीच्या वहीत मात्र बाटली विकली गेली अशी नोंद होते.

ही जबरदस्ती बेकायदा आहे. अत्यावश्यक वस्तू कायदा आणि १९८५चा खत नियंत्रण आदेश यांच्या आधारे दुकानदाराचा परवाना निलंबित होऊ शकतो. जुलै २०२५मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सगळ्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून नेहमीच्या खतांबरोबर नॅनो खतं आणि जैव उत्तेजकं गळ्यात मारणं थांबवा, असं कळवलं होतं. म्हणजे गुन्ह्याला नाव आहे, कायदा आहे, तक्रार करायला तालुका कृषी अधिकारी आहे. फोनच्या बाबतीत यातलं अजून फारसं काही नाही.

आता व्हॉट्सॲपला युरियाच्या जागी ठेवून बघा. भारतात त्याचे ५० कोटींहून जास्त वापरकर्ते आहेत. शिरपूर तालुक्यात शाळेची सूचना, दूध डेअरीचा हिशेब, कापसाचा आजचा भाव, लग्नाची पत्रिका आणि दहाव्याची वेळ, सगळं त्यावर येतं. ते सोडून चालत नाही. किंमत शून्य. फेसबुकने, म्हणजे आजच्या मेटाने, ते २०१४मध्ये सुमारे १९ अब्ज डॉलरला घेतलं, आणि निरोप फुकट पोचवून तो पैसा सुटणार नव्हता. जून २०२४मध्ये मेटा एआय भारतातल्या व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुकमध्ये आलं. आधी इंग्रजीत, महिनाभरात हिंदीतही. वेगळं ॲप घ्यायची गरज ठेवली नाही. जिथे आपण माणसांची नावं शोधतो त्याच पट्टीत ते बसवलं, आणि बोट सहज पडेल अशा कोपऱ्यात वर्तुळ ठेवलं. गुगलने ऑगस्ट २०२४मध्ये शोधाच्या वर एआयचं उत्तर भारतात इंग्रजी आणि हिंदीत दाखवायला सुरुवात केली. त्याच उत्तरांनी आधी मे महिन्यात अमेरिकेत पिझ्झावरचं चीज घसरू नये म्हणून डिंक लावा असा सल्ला दिला होता. माल अजून कच्चा होता, तरी दुकानात आला.

मे २०२५मध्ये मेटाचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी मेटा एआयचे महिन्याला १०० कोटी वापरकर्ते झाल्याचं सांगितलं. कुठे? कंपनीच्या भागधारकांच्या वार्षिक सभेत. जुलै २०२५मध्ये गुगलने शोधावरच्या एआय उत्तरांचे महिन्याला २०० कोटी वापरकर्ते असल्याचं जाहीर केलं, तेही तिमाही निकालांच्या वेळी. मला हे दोन आकडे फार महत्त्वाचे वाटतात, कारण ते कुणासाठी मोजले आहेत हे त्यांच्या जागेवरूनच कळतं. उत्तर आपणहून पानावर येत असेल तर ते न मागणाराही वापरकर्ता ठरतो. नानांची बाटली जशी विक्रीत धरली गेली, तसंच हे.

पण कंपन्यांना एवढी घाई का? इथे थोडं मागं जावं लागेल.

आजच्या सगळ्या बोलक्या एआयच्या मुळाशी ट्रान्सफॉर्मर नावाची रचना आहे. ती २०१७मध्ये गुगलच्या आठ संशोधकांनी एका शोधनिबंधात मांडली. त्या आठांतल्या निकी परमार पुण्याच्या पीआयसीटी महाविद्यालयातून शिकलेल्या. वाक्यातला प्रत्येक शब्द बाकीच्या कोणत्या शब्दांकडे किती लक्ष देतो हे एकाच वेळी मोजायचं, हा त्या रचनेचा गाभा. 'नानांनी बाटली घेतली पण ती उघडली नाही' या वाक्यात 'ती' म्हणजे बाटली, हे यंत्राला त्या मोजणीतून उमगतं. ज्ञान गुगलच्या घरचं होतं, पण ते घाईने बाजारात आणायची गुगलला गरज नव्हती. शोधाचं दुकान उत्तम चाललं होतं, आणि प्रश्नाला थेट उत्तर देणारं यंत्र आलं तर जाहिरातींच्या दुव्यांवर कोण बोट ठेवणार, ही अडचणही होतीच.

३० नोव्हेंबर २०२२ला ओपनएआयने चॅटजीपीटी खुलं केलं आणि तिथून घड्याळ जोरात फिरू लागलं. त्यासाठी कोणी कुणावर बळजबरी केली नाही, लोक आपणहून गेले, ही गोष्ट नोंदवायला हवी. जानेवारी २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने ओपनएआयमध्ये अब्जावधी डॉलर घातले. फेब्रुवारीत गुगलने उत्तरादाखल बार्ड हे आपलं एआय दाखवलं. त्याच्या जाहिरातीतच जेम्स वेब दुर्बिणीबद्दल एक चूक निघाली, आणि ८ फेब्रुवारीला एका दिवसात गुगलच्या मालक कंपनीचं बाजारमूल्य सुमारे १०० अब्ज डॉलरने खाली आलं. त्या दिवशी सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या संचालकांना एक गोष्ट लख्ख दिसली असणार. गुंतवणूकदार आता नफ्याइतकंच एआय किती लवकर आणता, हेही बघतात. मागे पडलात तर शिक्षा आजच होते. चुकीचा माल लोकांपुढे ठेवलात तर ती पुढे कधीतरी.

आणि मग पैसा ओतला गेला. २०२५ या एका वर्षात ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगलची मालक अल्फाबेट आणि मेटा या चार कंपन्यांचा भांडवली खर्च ३०० अब्ज डॉलरच्या पुढे गेला, आणि त्यातला मोठा वाटा एआयसाठी लागणाऱ्या विदा केंद्रांचा आणि चिप्सचा. रुपयात सांगायचं तर पंचवीस लाख कोटींच्या वर. त्याच वर्षाचा महाराष्ट्र राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता.

खानदेशातल्या जिनिंगवाल्याला हे दुखणं ओळखीचं वाटेल. मशिनरी बसवली, कर्ज काढलं, आणि दसऱ्यानंतर कापूसच आला नाही, तर हप्ते काही थांबत नाहीत. मग तो आपली माणसं पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पाठवतो, दोन पैसे चढा भाव देतो, पण गिरणी रिकामी ठेवत नाही. एआयची गिरणी तर जास्त अवघड, कारण तिची यंत्रं काही वर्षांतच जुनी होतात. जिनिंगच्या मशिनरीसारखी ती पिढीभर चालत नाहीत. शिवाय नेहमीच्या शोधापेक्षा अशा एका उत्तराला लागणारी वीज आणि गणन जास्त. खर्च आधी झालेला आहे, मागणी मागाहून तयार करायची आहे. लोक एआय वापरतात असा पुरावा दर तीन महिन्यांनी दाखवता आला नाही, तर पुढचा पैसा कोण देणार? तो पुरावा तयार करायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे जिथे लोक आधीच रोज येतात ती. आपल्याला मिळालेलं वर्तुळ हे त्या गिरणीचं तोंड आहे.

लिंकिंगचं सगळ्यात उघडं उदाहरण मात्र ऑस्ट्रेलियात घडलं, आणि ते तपशिलात सांगण्यासारखं आहे. वर्ड, एक्सेल वगैरेंची मायक्रोसॉफ्टची वर्गणी तिथे लाखो घरं भरतात. कंपनीने त्यात कोपायलट हा एआय मदतनीस घातला आणि एका माणसाची वार्षिक वर्गणी १०९ ऑस्ट्रेलियन डॉलरवरून १५९ वर नेली, कुटुंबाची १३९ वरून १७९ वर. ग्राहकांना कळवलं गेलं की वाढीव दर भरा, नको असेल तर वर्गणी रद्द करा. प्रत्यक्षात तिसरी वाटही होती. कोपायलट नसलेली जुनी योजना, जुन्याच दरात. पण ती ज्याने वर्गणी रद्द करायची पायरी चढायला सुरुवात केली त्यालाच दिसत होती. २७ ऑक्टोबर २०२५ला ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने सुमारे २७ लाख ग्राहकांची दिशाभूल केल्याचा आरोप ठेवून मायक्रोसॉफ्टला न्यायालयात खेचलं. पुढच्याच महिन्यात कंपनीने ग्राहकांची माफी मागितली आणि जुन्या योजनेकडे जाणाऱ्यांना फरकाची रक्कम परत देऊ केली. दुकानाच्या मागच्या खोलीत सुटा युरिया होता, फक्त पाटी लावली नव्हती.

पाटी कुठे लावायची यात किती पैसा असतो, हे आणखी एका खटल्याने दाखवलं. गुगलने २०२२मध्ये ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले, कशासाठी, तर आयफोनवर आधीपासून बसवलेलं शोधयंत्र गुगलचंच असावं म्हणून. वापरणारा ते दोन मिनिटांत बदलू शकतो. पण बहुतेक जण बदलत नाहीत, म्हणूनच तर ही किंमत. ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने शोधाच्या बाजारातली मक्तेदारी बेकायदा राखल्याचा निकाल दिला. सप्टेंबर २०२५मध्ये उपाय सांगताना त्यांनी शोधाबरोबर जेमिनी या एआयसाठीही अशी एकट्याचीच जागा राखणारे करार करायला मनाई केली. नानांच्या फोनचं बटण क्षुल्लक वाटेल, पण आधीपासून जे बसवलेलं असतं तेच टिकतं, आणि हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४मध्ये कळफलकावर कोपायलटची स्वतंत्र कळ आणली, ती विंडोजच्या कळीनंतर जवळजवळ तीस वर्षांनी केलेली मोठी भर होती. कळफलकावरची ती जागा त्यांनी उगीच खर्ची घातलेली नाही.

आता आपल्याकडच्या फुकटाबद्दल. हा भाग मला जास्त काळजीचा वाटतो.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं आणि ३१ मार्च २०१७पर्यंत डेटा फुकट होता. शिरपूर-चोपड्याच्या पट्ट्यात पोरांनी पहिल्यांदा पोटभर व्हिडिओ पाहिले ते त्या सात महिन्यांत. सवय लागली, मग पैसे सुरू झाले, आणि खरं सांगायचं तर डेटा नंतरही पूर्वीपेक्षा कितीतरी स्वस्तच राहिला. लोकांचा फायदा झाला. २०१६च्याच फेब्रुवारीत मात्र दूरसंचार नियामक ट्रायने फेसबुकच्या फ्री बेसिक्ससारख्या योजनांना दार बंद केलं होतं. काही निवडक संकेतस्थळं फुकट आणि बाकीचं इंटरनेट विकत, अशी ती योजना. पानभर जाहिरातींनी तिचा मारा चालला होता, तरी ट्राय बधली नाही. फुकटात देणाराच काय बघायचं ते ठरवणार असेल तर तो व्यवहार वेगळा, हा भेद आपल्या देशाने तेव्हा नीट ओळखला.

२०२५मध्ये फुकटाची नवी लाट आली. जुलैमध्ये एअरटेलने आपल्या सुमारे ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीची वर्षाची सशुल्क सेवा मोफत देऊ केली. ३० ऑक्टोबरला जिओने गुगलच्या एआय प्रोची दीड वर्षाची वर्गणी, किंमत ३५,१०० रुपये, मोफत जाहीर केली, सुरुवात १८ ते २५ वयाच्या मुलांपासून. ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयने चॅटजीपीटी गो वर्षभर फुकट केलं. शिरपुरात आर. सी. पटेल संस्थेची महाविद्यालयं आहेत, एनएमआयएमएसचा परिसर आहे. १८ ते २५ म्हणजे संध्याकाळी इथल्या रस्त्यावर दिसणारी निम्मी गर्दी. ज्या वयात माणूस लिहायची, विचारायची, अडलं तर वाट काढायची रीत ठरवतो, त्याच वयाला ही भेट आधी दिली, यात माझ्या मते योगायोग नाही. एवढी माणसं, एवढ्या भाषा, इतक्या स्वस्त डेटावर बोलणारी, जगात दुसरीकडे सहज मिळत नाहीत. ती काय विचारतात, कुठे अडतात, कोणतं उत्तर स्वीकारतात, हे शिकणं म्हणजे पुढच्या मालाचं बियाणं.

आणि बोलण्यातून जाहिरातही निघते. १६ डिसेंबर २०२५पासून मेटा, लोक तिच्या एआयशी जे बोलतात त्याच्या आधारेही त्यांना दिसणाऱ्या जाहिराती आणि मजकूर ठरवते. युरोपीय संघ, ब्रिटन आणि दक्षिण कोरिया सुरुवातीला त्यातून वगळले, भारत नाही. इथे एक गैरसमज दूर करतो, कारण गावोगावच्या गटांत तो फिरतो. वर्तुळ दिसतं म्हणून ते आपले खासगी निरोप वाचत नाही. माणसामाणसांतले निरोप कुलूपबंदच असतात. आपण एआयला जे विचारतो, किंवा गटात त्याला हाक मारून जे सांगतो, तेवढं त्याच्याकडे जातं. पण माणूस त्याला काय सांगतो? पोटात दुखतंय, कर्ज फिटत नाही, मुलीला स्थळ बघतोय. शोधाच्या चौकटीत कुणी एवढं मोकळं होत नसे.

आपल्याकडे याला अडवणारं काहीच नाही असंही नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला, तो व्हॉट्सॲपच्या २०२१च्या गोपनीयता धोरणाबद्दल. मान्य करा नाहीतर सोडा, ही अट म्हणजे बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर, असं आयोगाने म्हटलं, आणि वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने तो दंड कायम ठेवला. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने तर जुलै २०२५मध्ये थेट मेटा एआय व्हॉट्सॲपमध्ये आधीपासून बसवण्याचीच चौकशी सुरू केली. म्हणजे लिंकिंग हा आरोप फक्त करवंद नाक्यावर झालेला नाही.

एक आक्षेप मी स्वतःवरच घेतो. नवी गोष्ट लोकांपुढे ठेवल्याशिवाय कळणार कशी? जळगावने याचं उत्तर मागेच दिलं आहे. जैन इरिगेशनने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ठिबक आणलं तेव्हा नळ्यांतून थेंब थेंब पाणी द्यायचं म्हणजे पिकाला उपाशी मारायचं, असंच जुन्या शेतकऱ्यांना वाटायचं. कंपनीचे संस्थापक भवरलाल जैन यांनी प्रात्यक्षिकाचे मळे उभे केले. रावेर-यावलचे केळीवाले यायचे, बुंध्याचा घेर हाताने मोजायचे, विजेचं बिल विचारायचे, घरी जायचे, दोन महिन्यांनी परत यायचे. ग्रँड नैन या केळीच्या जातीच्या ऊतिसंवर्धित रोपांचंही तसंच झालं. सरकारी अनुदान होतं, विक्रेत्यांचा रेटाही होता, ते नाकारत नाही. पण ठिबक कुणाला युरियाच्या गोणीला बांधून मिळालं नाही. आमच्या शिरपूर पॅटर्नचंही नाव असंच झालं. भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी २००४पासून नाले खोल-रुंद करून बंधाऱ्यांची साखळी बांधली, आणि इतर जिल्ह्यांतले लोक गाड्या करून विहिरींचं पाणी बघायला आले. बघून गेलेला माणूस परत येतो का, यावरून माल ओळखायची ती रीत होती. वर्तुळावर चुकून पडलेलं बोट आणि परत आलेला केळीवाला यांना एकाच रकान्यात मोजता येत नाही.

आणि एआय निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. टायपिंग न येणाऱ्या माणसाला बोलून विचारता येणं ही मोठी गोष्ट आहे. जून २०२४मध्ये जेमिनी ज्या नऊ भारतीय भाषांत आलं त्यांत मराठी आहे. राज्य सरकारने २०२५मध्ये शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटींच्या तरतुदीचं महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, आणि महाविस्तार ॲपवर शेतकरी मराठीतून हवामान, कीड, बाजारभाव विचारू शकतो. २०२४च्याच जूनमध्ये गुगलच्या भाषांतरात ११० भाषांची भर पडली. अवधी, बोडो, खासी, कोकबोरोक, मारवाडी, संताली, तुळू या आपल्याकडच्या सात त्यात होत्या. नानांची अहिराणी नव्हती. २०११च्या जनगणनेत अहिराणी ज्या खानदेशी भाषेत धरली जाते, ती बोलणारे १८ लाखांहून जास्त होते. सातपुड्याच्या कुशीतल्या पावरा आदिवासींच्या बोलीचं तर नावच नको. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना बोलण्याचा सगळ्यात जास्त उपयोग, आणि त्यांचीच बोली यंत्राला येत नाही. गरज मोजून माल पाठवला असता तर क्रम वेगळा लागला असता.

त्या संध्याकाळी नानांच्या ओट्यावर बसून मी फोनच्या सेटिंगमध्ये गेलो. बाजूच्या बटणाचं काम बदलायची सोय होती, पण चार पानं आत. आधी कोणत्या नावाखाली शोधायचं हेच कळायला वेळ लागला. बदललं, नानांना दाबून बघायला सांगितलं. बंद करण्याची खूण आली. मग विचारलं, हे बोलणारं पूर्ण काढून टाकू का?

"नको. राहू दे," नाना म्हणाले. "मला हवं तेव्हा उघडेन."

मी त्याचं चिन्ह पहिल्या पानावर, हवामानाच्या ॲपशेजारी आणून ठेवलं. नानांनी ते स्वतः दाबलं, फोन तोंडाजवळ धरला आणि सावकाश विचारलं, "कपाशीवर बोंडअळी पडनी शे, काय फवारू?" पडद्यावर अक्षरं उमटली: कपाशीवर बोंडअळी पडणी शेत काय फवारू. नानांनी चष्मा वर करून ते वाचलं, पुसलं, घसा साफ केला आणि तोच प्रश्न शाळेतल्या मराठीत परत विचारला.